धोंड्यांचं रिंगण

धोंड्यांचं रिंगण जागेवर नव्हतं. पल्लावरमच्या टेकडीखाली सेतुमाधवराव उभेच राहिले. मागून त्यांची बायको कनका आली. तिच्या हातात पदराखाली झाकलेलं फुलपात्र होतं.

"कोठें ठेवलांत लेकराला? दाखवा की," ती म्हणाली.

दात न आलेल्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. बाईमाणसानं तिथं जायचं नसतं, म्हणून त्या दिवशी कनका घरीच राहिली होती. जागा सेतुमाधवरावांनी निवडली. माळावर कुठल्याशा पुराणकाळच्या माणसांची थडगी होती, एकेका थडग्याभोवती थोराड धोंड्यांचं रिंगण. हजारो वर्षं ज्यांना कुणी हात लावला नाही, त्यांच्या शेजारून आपल्या लेकराला कोण उठवतोय, असा त्यांचा हिशेब. एग्मोरच्या कचेरीत त्यांच्या डोक्याचं भारी कौतुक होतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

आता माळभर खडीचे ढीग होते. एक बाई हातोडीनं धोंडा फोडत बसली होती. सेतुमाधवरावांनी तिला तमिळमध्ये विचारलं.

"सडकेला खडी पाहिजे, सामी," ती म्हणाली. "धोंडे काढले तर खाली रांजण निघाले. रांजणांत हाडं. कंत्राटदार म्हणाला, फेकून द्या. पाप नको म्हणून आम्ही सगळी त्या खड्ड्यात घातली आणि वर माती ओढली."

"त्यांत... एखादं लहान मूल?"

बाईची हातोडी थांबली. "लहान पुष्कळ होती, सामी. हाडंच नुसती. एक मात्र नवं होतं, लाल झबल्यातलं. तेही त्यांच्यातच ठेवलं."

झबलं कनकानं शिवलं होतं. सेतुमाधवरावांना तिच्याकडे बघवेना. तमिळ तिला त्यांच्याहून चांगली कळायची. ती खड्ड्यापाशी जाऊन बसली आणि तिनं पदर बाजूला केला. फुलपात्रात दूध होतं, तिचंच. वैद्यांचा काढा घेऊनही ते अजून आटलं नव्हतं.

तिनं जरासं ओतलं. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं. दुसऱ्यांदा फुलपात्र कलवताना तिचा हात अडला. तिनं खड्ड्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "एवढं सगळ्यांना कसं पुरायचं?"