मेपलचा सुजलेला खूर

अमेरिकेतल्या ओहायोत कच्चं, न तापवलेलं दूध विकायला बंदी, पण स्वतःच्या गाईचं प्यायला नाही. म्हणून गावातल्या काही घरांनी मिळून मेपल ही गाय घेतली होती आणि लविना ती आपल्या गोठ्यात सांभाळायची.

"भागीदारीच्या नावाखाली तू दूध विकतेस, अशी तक्रार आहे," आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले. "खरं निघालं, तर गोठ्याला टाळं लागेल."

तेवढ्यात म्हाताऱ्या ओडेलबाई रिकामी बरणी घेऊन आल्या.

"आजी, दूध काय भावाने घेता?" साहेबांनी विचारलं.

ओडेलबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. "अगं लविना, मेपल लंगडतेय! खूर बघ केवढा सुजलाय. डॉक्टरला बोलावलंस का?"

"येतायत. पण औषध दिलं, की काही दिवस दूध ओतून द्यावं लागेल..."

"मग दे ओतून! आम्ही काय दुधावाचून मरतोय? आमच्या गाईची हेळसांड केलीस तर याद राख!"

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. "गिऱ्हाईक असतं, तर आधी दुधासाठी भांडलं असतं. चालू दे तुझं."

लविनाने सुटकेचा निःश्वास सोडला. इतकी गोड बोलणी तिने आजवर खाल्ली नव्हती.