लळा लागायच्या आत

ऑफिसातून आल्या आल्या आईने हात पुढे केले, तर आठ महिन्यांच्या बाळाने तोंड फिरवलं आणि सांभाळणाऱ्या मावशींच्या मानेला घट्ट मिठी मारली.
"झोपाळलंय हो ताई, म्हणून," मावशी ओशाळून म्हणाल्या.
"उद्यापासून येऊ नका," आई म्हणाली.

चार दिवस बाळ दाराकडे बघून रडलं. मग आईने नियमच करून टाकला. लळा लागायच्या आत बाई बदलायची. दर महिन्याला नवी बाई आली आणि दर वेळी बाळ आधीपेक्षा कमी रडलं. पाचवी आली तेव्हा तर रडलंच नाही.
"शहाणा झाला माझा राजा," आई नवऱ्याला म्हणाली.

त्याच आठवड्यात ती कामासाठी परगावी गेली. आठ दिवसांनी परतली, तेव्हा बाळाला कडेवर घेऊन बाईने दार उघडलं. बाळ खुदकन हसलं आणि त्याने आईकडे झेप घेतली. तिचे डोळे भरून आले.
"बघितलंत? आईला बरोबर ओळखलं."



"फार गुणी आहे हो," बाई कौतुकाने म्हणाली. "काल कुरियरवाला आला, तर त्याच्याकडेही अशीच झेप घेतली."