पदक लावायचं कुणी?

"जनरलसाहेब येत नाहीत," मेयरनी फोन खाली ठेवला. "रेल्वेचा संप. लिओंलाच अडकलेत."

डॉक्टर घिलेन मोरेलचा चेहराच उतरला. गावचं सभागृह खचाखच भरलेलं, वाइनचे पेले मांडलेले, मखमली डबीत त्याचं लिजन द ऑनर, फ्रान्सचं सर्वांत मानाचं पदक. पण हे पदक ज्याला आधी मिळालंय, त्यानंच दुसऱ्याच्या छातीवर लावायचं, असा नियम. तोवर नुसतं डबीकडे बघत बसा!

"पुढच्या वसंतात करू," मेयर म्हणाले.

घिलेननं मागं पाहिलं. शेवटच्या रांगेत त्याचा बाप, म्हातारा ओनेझिम, भर जूनमध्ये जाड कोट घालून बसला होता. वय चौऱ्याऐंशी, हृदय थकलेलं. पुढचा वसंत कुणी पाहिलाय?

ओनेझिम इथलाच पोस्टमन. दुसऱ्या महायुद्धात गावात जर्मन होते, तेव्हा त्यांचं टपाल सायकलवरून पोचवायचा. जर्मन गेले, पण गाव विसरलं नाही. घिलेननं शाळेत मार खाल्ला तो यापायीच. डॉक्टर झाला तरी कुजबुज थांबेना. फक्त हवालदार पेरां तेवढा, बापलेक सकाळी कॉफीला निघाले की कडक सलाम ठोकायचा. घिलेन मान डोलवायचा. निदान एकाला तरी डॉक्टरची किंमत होती! आज साऱ्या गावादेखत त्याला घराण्याचं नाव धुऊन काढायचं होतं.

"अरेरे!" बोनार खाटीक मोठ्यानं म्हणाला. "जनरलचंही टपाल चुकवलंत वाटतं, मोरेलांनो!"

हशा पिकला. घिलेनची कानशिलं तापली.

मागची खुर्ची करकरली. म्हातारा काठी टेकत पुढं आला. "आण ती डबी."

"बाबा, बसा हो तुम्ही. तुम्हाला नाही लावता येत. नियम आहे."

"ठाऊक आहे मला नियम." ओनेझिमनं कोटाची कॉलर उलटवली. आत अस्तराला त्याच पदकाची विटलेली लाल फीत शिवलेली होती. "पिशवीत नुसती जर्मनांचीच पत्रं नव्हती रे, पोरा. त्यांच्याशी लपून लढणाऱ्यांचीही होती."

"आणि कधी बोलला नाहीत?"

"कुणाला दाखवू? ज्यांची पत्रं होती, त्यांतलं एकही माणूस परत आलं नाही."

बोनारनं टोपी काढली. "प्रजासत्ताकाच्या वतीनं..." म्हाताऱ्यानं सगळं वाक्य कागदाशिवाय म्हटलं. पदक अगदी सरळ लागलं. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पेले हलले. घिलेन लहान पोरासारखा रडत होता.

दाराशी हवालदार पेरांनं टाचा जुळवून सलाम ठोकला. सवयीनं घिलेननं मान डोलवली. पण पेरां त्याच्याकडे बघतच नव्हता. रोजच्यासारखाच तो म्हाताऱ्याकडे बघत होता.