सोयीचे गाव

अपूर्वाने कोटाच्या एका बाहीत हात घातला, तसे दिनकरराव खुर्चीतून उठले.

"निघालात?"

"पाचची गाडी आहे ना, बाबा. तुम्हीच तर सांगितलीत."

त्यांनीच सांगितली होती. निवृत्त झाल्यावर अ‍ॅमस्टरडॅम सोडून झुटफेनसारख्या बाजाराच्या लहान गावी त्यांनी घर घेतले, ते या गाड्यांपायीच. लेक-जावई ब्रेडाला, मुलगा एनस्खेडेला, आणि गाव दोघांनाही सोयीचे. ब्रेडाहून तर मध्ये गाडीसुद्धा बदलावी लागत नाही. घरी कोणी आले की ते आधी स्टेशन दाखवीत, मग नदी. गुरुवारचा बाजार आणि जुने मनोरे दाखवण्याचे काम पत्नी वीणाताईंकडे असे.

"लोक आपल्या गावात काय काय आहे ते सांगतात," वीणाताई म्हणत. "आमच्याकडे गावातून बाहेर कसं पडायचं, तेवढंच सांगतात."

दिनकरराव हसण्यावारी नेत. पण वर्ष होत आले, तशी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येऊ लागली होती, आणि ती ते कोणाजवळही बोलले नव्हते. ज्या गावी केव्हाही येता येते, तिथे कोणी राहत नाही. वरच्या खोलीतल्या पलंगावरच्या चादरीची दुकानातली घडीसुद्धा अजून मोडली नव्हती. वीणाताई मात्र पाहुण्यांच्या सकाळच्या न्याहारीसाठी हट्टाने दरवेळी इडलीचे पीठ भिजवीत, ओव्हनमधला दिवा लावून त्याला ऊब देत, आणि मग नवरा-बायको गुरुवारपर्यंत इडल्या खात.

"उद्या ऑफिस आहे का, ऋषभराव?" त्यांनी जावयाला विचारले.

"नाही, बाबा. उद्या दोघंही घरूनच."

"मग?"

ऋषभ गोंधळला. हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता. "मग... म्हणजे, गाडी आहे ना."

 दिनकररावांनी सवयीने खिशातून फोन काढला. गाडी कोणत्या फलाटावर लागते हे पाहून सांगणे, हाच त्यांच्या निरोपाचा विधी होता. बाहेर सकाळपासून वारा सुटला होता आणि चिनारांची पिवळी पाने रस्त्याच्या कडेला साचून पुन्हा पुन्हा उधळली जात होती. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"आर्न्हेमच्या अलीकडे रुळांवर झाड पडलंय," ते म्हणाले. "ब्रेडाची गाडी नाही. आता उद्या सकाळपर्यंत नाही."

आवाजात दुःख आणण्याचा त्यांनी प्रयत्न केला. तो फारसा साधला नाही.

"अरे देवा!" अपूर्वा एका बाहीतच थबकली.

"पण डायरेक्ट नसली तरी व्हाया काहीतरी असेलच की," ऋषभ म्हणाला आणि त्याचा हात खिशाकडे गेला. "बघतो थांब अ‍ॅपवर."

"अ‍ॅप कशाला? बाबा आहेत ना!" अपूर्वा म्हणाली. "बाबा, दुसरा कुठला रूट?"

तिघेही दिनकररावांकडे पाहू लागले.

रूट होता. अर्थातच होता. विचारताक्षणी तो त्यांच्या मनात दिव्यांच्या माळेसारखा लागला: इथून अ‍ॅपलडोर्न, तिथून उट्रेख्त, मग सरळ दक्षिणेला. अ‍ॅपलडोर्नची गाडी तर आता सुटायलाच आली असेल. झपाझप चालले तर मिळेलही. रस्ता विचारणाऱ्याला त्यांनी जन्मात कधी विन्मुख पाठवले नव्हते. मागे सुपरमार्केटच्या रांगेत एका डच आजीबाईंनी न विचारताही दिनकररावांनी त्यांना बहिणीच्या गावचा जवळचा मार्ग समजावून सांगितला होता. उत्तर जिभेच्या टोकावर आले आणि तिथेच उभे राहिले.

वीणाताई हातातले चहाचे गाळणे तसेच धरून नवऱ्याकडे बघत होत्या.  इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी दिनकररावांकडे इतक्या आशेने क्वचितच पाहिले असेल.

"नाही," दिनकरराव म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"दुसरी वाट नाही."

"एकही नाही?" ऋषभने डोळे विस्फारले. "पण तुम्ही तर म्हणता की इथून कुठेही—"

"आडगाव आहे हो हे, ऋषभराव," दिनकरराव जमिनीकडे पाहत म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "अगदीच आडगाव."

 नेमक्या त्याच वेळी, फोडणीचा वास जावा म्हणून किलकिल्या ठेवलेल्या खिडकीतून, नदीवरच्या पुलावरून जाणाऱ्या गाडीचा धडधडाट आत आला. गाडी लांबलचक होती. ती सावकाश, सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशी, गाव सोडून गेली.

ऋषभने फोन बाहेर काढला. अपूर्वाने तो त्याच्या हातातून अलगद घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"बाबा नाही म्हणतायत ना," ती म्हणाली, "म्हणजे नाही." मग तिने बाहीतला हात काढून घेतला.

दिनकररावांनी मान वर केली नाही.

"पुलावर वारा फार वाजतो बाई या गावात," वीणाताई म्हणाल्या आणि त्यांनी पुढे होऊन खिडकी लावून घेतली.