नमुन्याचं ताट

ताट नासवायचं ठरलं होतं, आणि ते ठरवलं होतं खुद्द भागाबाईनंच.

जळगावच्या त्या डाळ मिलमध्ये डाळ निवडणारं यंत्र येऊन उभं होतं. हातानं निवडलेल्या तूरडाळीचं एक ताट त्याला नमुना म्हणून दाखवायचं, की मग ते तसंच निवडत राहणार. जमलं तर अकरा बाया उद्यापासून घरी. नाही जमलं तर यंत्र माघारी. नमुन्यासाठी जितेंद्रशेठनी भागाबाईलाच बसवलं. सव्वीस वर्षं निवडून तिची अशी गत झाली होती, की लग्नाच्या पंगतीतही पानातला भात चाळवल्याशिवाय तिला घास उतरत नसे. खडा किंवा डाग पडलेला दाणा दिसला की बोटं तो उचलून ओटीत टाकणारच. बाया हसायच्या. जित्याची खोड, दुसरं काय!

"नमुनामा डागी डाळ राहू देसूत. मशीन तीच चांगली समजी," सकाळी तिनंच बायांना सांगितलं होतं. "बठ्ठास्ना, अकराबी जणीस्ना पोटना सवाल शे."

कुणी बघत नाही असं पाहून तिनं मूठभर डागी डाळ ताटात कालवली. ज्या मिलच्या मजुरीवर दोन लेकी उजवल्या, तिथं ती आज पहिल्यांदाच कामात खोट ठेवत होती. वाईट वाटलं, पण इलाज नव्हता.

यंत्र बसवायला आलेला भूषण जितेंद्रशेठबरोबर चहाला गेला होता. ताट मांडीवर घेऊन भागाबाई वाट बघत बसली. शेजारची पुष्पाबाई सुनेच्या बाळंतपणाचं सांगत होती. भागाबाई नुसती हुं हुं करत होती. डोक्यात एकच, हे काम गेलं तर या वयात आपल्याला दारात कोण उभं करील? आपल्या हाताला दुसरं येतं तरी काय?

भूषण आला आणि ताट उचलून घेऊन गेला.

"अक्का, डागी डाळ टाकी ना?" पुष्पाबाई कुजबुजली.

"टाकी वं."

पलीकडे यंत्र घरघरलं. बऱ्याच वेळानं भूषणचा खूश आवाज आला, "शेठ, इतका स्वच्छ नमुना आजवर कुठं मिळाला नाही. एक डागी दाणा नाही! मशीन पहिल्या झटक्यात शिकलं."

भागाबाई दचकून उभी राहिली. तिच्या ओटीतून मूठभर डागी डाळ फरशीवर सांडली.