गावाचा रकाना

जुलेखाच्या भावाला, खिजरला, घरातून हाकललं आणि त्याच आठवड्यात शिरोळला पूर आला. तो सापडला नाही. त्याच्या शोधासाठी जुलेखानं वेबसाईट काढली. ती सांभाळायचं आणि कोण कुठल्या गावाहून बघतं याची यादी ठेवायचं काम माझ्याकडं. आज जुलेखा माझ्या ऑफिसात आली होती.

"साहेब, रोज एकजण नुसता खिजरचा फोटो बघतोय. आन गावाच्या रकान्यात दावतंय 'कृष्णा नदी'."

"अहो, ते माणसाचं गाव नसतं. इंटरनेटवाल्याचा पत्ता असतो. माझ्या बायकोला ते घरबसल्या पुण्याला पोचवतं."

"मग दुरुस्त करा की. उगं आशा लागतीया."

मी आमच्या स्वतःच्या भेटी वगळल्या, बनावट गाळल्या, गावं नव्यानं जुळवली आणि यादी पुन्हा उघडली. इचलकरंजीवाला इचलकरंजीत आला, बिद्रीवाला बिद्रीत. नदीवाल्यापुढं आता 'कोल्हापूर' होतं.

"झालं की नाही?" मी म्हणालो.

तेवढ्यात कोल्हापूर पुसलं गेलं. गावापलीकडं काही न कळणाऱ्या त्या यंत्रानं तिथं लिहिलं, 'जिना'.

माझं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे.

जुलेखानं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि दाराकडं बघत हळूच म्हणाली, "ये की, खिजर. आता कोण न्हाय रागवत."