गोठ्यातली खाट

सरकारी अनुदानातून गोठ्यात मोठे पंखे बसले आणि उन्हाच्या तडाख्याने आटत चाललेल्या गाई पुन्हा बादली भरू लागल्या. घरात मात्र पत्रा तापून भट्टी व्हायची. बाळंतीण सून घामाघूम होऊन नुसती कूस बदलत राहायची. झोप नाही की चैन नाही, त्यात अंगावरचं दूध पुरेना आणि बाळ भुकेनं रडून लालबुंद व्हायचं. शेवटी सासूने तिची खाट उचलली आणि सरळ गोठ्यात पंख्याखाली टाकली.

आठवड्याने तपासणीचे साहेब न कळवता दारात उभे राहिले. सुनेने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

“मावशी, हे पंखे जनावरांसाठी दिलेत,” खाटेकडे बघत साहेब म्हणाले. “असं चालत नाही. वर कळलं तर काढून नेतील.”

सुनेला खाटेवर बसवेना की उठवेना.

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि तेही हळूच पंख्याखाली सरकले. “बरं, पंख्यांमुळे दूध वाढलं का?”

सासूने पोटभर पिऊन झोपलेल्या नातवाकडे पाहिलं.

 

“वाढलं की साहेब. गाईंचंसुद्धा.”